गच्चीवरची तिसरी चावी

मे महिन्यातल्या शुक्रवारी नळ दुरुस्त करायला काढू नये, हे बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात कुणीही सांगितलं असतं. पण गोजरबाई कुणाला विचारत नसत. विचारायचं इतरांनी आणि सांगायचं त्यांनी, अशी त्या घरची पद्धत होती. दुसरीत शाळा सोडलेल्या बाईनं ती चाळीस वर्षं बिनतक्रार चालवली होती.

शुक्रवारी सकाळी नऊला लाइट जाते, ती संध्याकाळी पाचला येते. लाइट नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे गच्चीवरच्या टाकीत नऊच्या आत जे चढलं तेवढंच दिवसभराचं पाणी. अशा दिवशी शहाणी माणसं फरशीवर ओला पंचा अंथरून पडून राहतात. गोजरबाईंनी मात्र पहाटेच कुळगावच्या गिरणीतल्या डंखावर नंबर लावून वर्षाचा मसाला कुटून आणला होता. वीस किलो मिरची, शिवाय धणे, हळकुंडं, खडा मसाला. डंखावरून आलेला मसाला हाताला ऊन लागतो. तसाच बरणीत कोंबला तर आत घामेजतो आणि श्रावणापर्यंत त्याला जाळी धरते. म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीवर धुवट पातळ पसरून त्यावर तो निवत घातला होता, लालभडक जाजमासारखा. सून स्वप्नाली त्या जाजमाच्या कडेनं भिंतीला पाठ घासत ये-जा करत होती आणि दर तिसऱ्या पावलाला शिंकत होती. मसाल्यासाठी तिनं ऑफिसातून रजा काढली होती. रजेच्या अर्जात ‘घरगुती समारंभ’ असं कारण दिलं होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

पंखा बंद होता म्हणून नळ ऐकू आला. ओट्यावरच्या सिंकचा हा नळ होळीपासून गळत होता, पण पंख्याच्या घरघरीत ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. आज तो टप, टप, टप असा सरळ गोजरबाईंच्या कानाशी बोलू लागला. गोजरबाईंना घरात दुसऱ्या कुणी सारखं बोललेलं खपत नसे.

“आई, प्लंबरला फोन करू?” स्वप्नालीनं विचारलं.

“कशाला? तुजे सासऱ्यानं न त्याचे भावानं ह्या घराची सगली पायपं लावली, तवा कोन पलंबर आयलेला? वायसर गेलाय. चपलेचा कापून टाकते.”

गोजरबाईंचे मालक, कैलासवासी धोंडी, नळाचा वायसर जुन्या रबरी चपलेतून कापत. त्यासाठी एक डावी चप्पल दारामागे खिळ्याला टांगलेली असे. तिला एव्हाना सात गोल भोकं पडली होती आणि घरातले, शेजारचे मिळून सात नळ त्या एका चपलेवर चालत होते. गोजरबाईंनी कात्रीनं आठवं भोक पाडलं, पाना पदरात बांधला आणि पाणी बंद करायला त्या गच्चीवर निघाल्या.

आता गच्चीवर तीन टाक्या होत्या, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तळमजल्यावर धाकटी जाऊ सखू, पहिल्या मजल्यावर गोजरबाई, दुसऱ्यावर भाडेकरू अमित. तिघांच्या तीन काळ्या टाक्या आणि प्रत्येक टाकीखाली पाणी बंद करायची एकेक चावी. धोंडी आणि त्यांचा धाकटा भाऊ चंदू यांनी घराची वाटणी केली तेव्हा खोल्या वाटल्या, शेत वाटलं, टाक्या वाटल्या. टाक्यांवर ऑइलपेंटनं ‘गो’, ‘स’ आणि ‘भाडेकरू’ असं लिहिलं. त्यातलं पहिलं अक्षर गोजरबाईंना वाचता येत होतं, आणि बाकीची वाचायची त्यांना गरज वाटत नव्हती.

वाटणीनंतर थोड्याच दिवसांत सखूनं बोंब उठवली, की माझ्या टाकीचं पाणी जाऊ चोरते. दोन माणसांच्या घराला हजार लिटरची टाकी पुरत नाही, म्हणजे काय. भावकी अंगणात जमली. गोजरबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “माजे सिंकात तुजे टाकीचा एक थेंब जरी आयला ना, तर तुजे घरची भांडी घाशीन मी. एकवीरा आय बघतंय.” भावकीनं गच्चीवर सखूच्या टाकीभोवती पांढरी रेघ मारून दिली. ज्याची टाकी त्याची चावी, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्या दिवसापासून सहा वर्षं दोघी जावांचं बोलणं बंद होतं. मधल्या काळात दोघींचेही मालक गेले, आधी धोंडी आणि दोन वर्षांपूर्वी चंदू. बाराव्याला दोघी एकमेकींच्या घरी राबल्या, पण न बोलता.

बोलणं बंद म्हणजे आवाज बंद नव्हे. सखू अंगणातल्या मांजरीशी बोले, गोजरबाई खिडकीतल्या तुळशीशी. दोघींचे आवाज दणदणीत असल्यामुळे कामाचं काही अडत नसे.

तर गोजरबाई गच्चीवर गेल्या. ‘गो’खालची चावी गच्च आवळली. खाली येऊन न्हाणीतला नळ सोडून बघितला. तो फुसफुसला आणि कोरडा पडला. सिंकचा नळ अजून टप टप करत होता, पण ते पायपात उरलेलं पाणी, हे सांगायला प्लंबर लागत नाही. त्यांनी सिंकच्या नळाच्या टोपीला पाना लावला आणि खांद्यानं जोर दिला.

पाणी आधी छताला लागलं, मग गोजरबाईंना.

टोपी उडून कुठंतरी गेली. गोजरबाईंनी नळाच्या उघड्या तोंडावर अंगठा दाबला, तेव्हा उभं उडणारं पाणी आडवं उडू लागलं. त्या चिंब भिजल्या. सकाळपासून उकाड्यानं जीव चालला होता, त्यामुळे पहिल्या क्षणी त्यांना बरं वाटलं हे नाकारता येणार नाही. मग त्यांनी खाली बघितलं. ओट्यावरून पाण्याची धार उतरत होती आणि फरशीचा उतार मसाल्याकडे होता. उतार धोंडींनीच काढून दिला होता.

“स्वप्नाली,” त्या शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, “तुजे नवऱ्याची जीनची पँट आन. दोन आन.”

स्वप्नालीनं अल्पेशच्या दोन जीन्स, पायपुसणं आणि गोणपाट आणून मसाल्याभोवती बांध घातला. मग तिनं शिकलेल्या सुनेला शोभेल असं केलं. नळावर कोरलेलं ‘जलराज’ हे नाव वाचलं, नंबर शोधला आणि कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“जलराज में आपका स्वागत है. मॅडम, लीकेज बॉडी से है या स्पिंडल से?”

“काय इचारतं ती?” गोजरबाईंनी अंगठा न काढता विचारलं.

“पाणी कुठून येतंय म्हणते.”

“सांग, सगलीकडनं.”

“मॅडम, वॉरंटी किस के नाम पर है?” स्वप्नालीनं सासऱ्यांचं नाव सांगितलं. “ठीक है. धोंडीजी से बात हो सकती है?”

“सांग तिला,” गोजरबाई म्हणाल्या, “झाली तर मना पन कळव.”

फोनवरच्या मुलीनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, “मॅडम, पहले सप्लाय बंद कीजिए. फिर फोन कीजिए.”

“सप्लाय बंद हाय,” गोजरबाई फोनला म्हणाल्या. “मी माजे हातानी बंद केलाय.”

“तो फिर लीकेज नहीं हो सकता, मॅडम,” असं म्हणून त्या मुलीनं फोन ठेवला. गोजरबाईंना तिचा राग आला, कारण त्यांचंही अगदी हेच मत होतं.

समोरच्या गॅलरीत बाळा बसला होता. दोन घरांत अंतर इतकं कमी, की त्याच्या गॅलरीतून गोजरबाईंच्या खिडकीत हात घालून साखर मागता येई. बाळा आनंदनगरच्या एका कारखान्यात तीस वर्षं पंपावर होता. रिटायर झाल्यापासून बदलापुरातल्या सगळ्या पाण्याची जबाबदारी तो स्वतःकडे समजत असे.

“वयनी, नल गलतंय वाटतं,” तो म्हणाला.

“नाय, मी आंगोल करतंय.”

“चावी बंद केलीस का?”

“केली.”

“कंची?”

“माजी.”

“मग दुसरी पन कर. पानी वरशी खाली येतं, वयनी. हे बेसिक हाय.”

स्वप्नाली धावली. घाईत चपला घालायच्या राहिल्या. दुपारचे बारा वाजलेले, गच्ची तव्यासारखी तापलेली. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत भाडेकरूच्या टाकीपर्यंत पोहोचली आणि तिनं ती चावी बंद केली. गोजरबाईंच्या अंगठ्याखालचं पाणी तसूभरही कमी झालं नाही. मात्र दुसऱ्या मजल्यावर काहीतरी आपटलं. मग जिन्यात अमित दिसला. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, डोळे घट्ट मिटलेले. रात्रपाळी करून आलेला हा सज्जन माणूस अंघोळ करून झोपायच्या बेतात होता.

“काकी,” तो चाचपडत दाराशी येऊन म्हणाला, “पानी किसने बंद किया, बता दो. मी कुणाला काही बोलणार नाही. फक्त चालू करा. डोळ्यात साबण आहे.”

“अमित, जरा थांब. इकडं पानी बंद होत नाय.”

“इकडे येत नाही, काकी.”

“तेच सांगतंय मी.”

हा संवाद आणखीही चालला असता, पण त्यातून कुणाला काही कळेल अशी चिन्हं नव्हती. अमित भिंत धरून परत गेला. गोजरबाईंनी वर ओरडून त्याची चावी सोडायला लावली. एवढ्यात पाणी गॅलरीच्या पन्हाळीतून खाली सखूच्या अंगणात कोसळू लागलं होतं, आणि खालून सखूचा आवाज आला. ती अर्थात मांजरीशी बोलत होती.

“बग गो मने. वरशी पाऊस परतंय, न माजे नलाची धार बारीक झायली. काय समाजतं का तुना?”

मांजरीला समजलं की नाही कोण जाणे. गोजरबाईंना मात्र अंगठ्यापासून खांद्यापर्यंत एक थंड कळ गेली. ती पाण्याची नव्हती.

स्वप्नाली तळवे चोळत खाली आली. “आई, आपली बंद आहे. अमितची बंद करून बघितली, फरक नाही. आता एकच राहिली.”

“ती तिची हाय.”

“हो, पण...”

“तिचे टाकीचा आपले नलाशी काय संबंद?”

स्वप्नाली वाकून जीन्सचा बांध सारखा करू लागली. अंबरनाथच्या माहेरी तिला पुष्कळ काही शिकवलं होतं, त्यात कुठं बोलू नये हेही होतं. पण बाळाला ते कुणी शिकवलं नव्हतं.

“वयनी, पानी कुठशी तरी येतंय ना?”

“रस्त्याचे लाइनीतून येत असंल.”

“लाइट नाय, पंप नाय. वर कसा चरंल ते?”

“मग हवा असंल. माजे सिंकचे पायपाला हवा धरते, सगल्यांना म्हाईत हाय.”

“हवा एवरी ओली नसते, वयनी.”

हवेचं खरं होतं. गेली सहा वर्षं अधूनमधून गोजरबाईंच्या सिंकचं पाणी अचानक जाई. न्हाणीत असे, सिंकला नसे. मग त्या सगळ्यांना समजावून सांगत, की ह्या पायपाला हवा धरते. धोंडी असते तर त्यांनी फुंकर मारून काढली असती. दोन-तीन तासांनी हवा आपोआप जाई. आज अंगठा बधिर होत असताना त्यांना एकेक हवा आठवू लागली. गणपतीतली हवा, तेव्हा खाली सखू मांजरीला सांगत होती की टाकी रिकामी झाली. अल्पेशच्या हळदीतली हवा, तेव्हाही सखू ओरडत होती. सखूनं पंप लावला की गोजरबाईंची हवा सुटत होती. गोजरबाईंनी मनातल्या मनात एखादी तरी अशी हवा शोधून बघितली, की जेव्हा सखूच्या टाकीत पाणी होतं. एकही सापडली नाही.

म्हणजे ती तिसरी चावी बंद केली आणि पाणी थांबलं, तर सहा वर्षं सखू खरं बोलत होती. आणि गोजरबाईंना, ज्यांच्या एका शब्दावर भावकीत लग्नं ठरत आणि मोडत, तळमजल्यावर बसून भांडी घासावी लागणार. बरं, चावी बंद केली नाही तर? फरशीवर पाण्याची जीभ अल्पेशच्या जीन्सच्या गुडघ्यापर्यंत आली होती. मसाल्याची अलीकडची कड गडद व्हायला लागली होती. वीस किलो. देवीला सगळं दिसतं हे खरं, पण देवीला हेही दिसत असणार की बाईचा वर्षाचा मसाला भिजतोय. शिवाय थेंब आला तर, असं म्हटलं होतं. ही धार होती. धारेचं काही बोलणं झालं नव्हतं. गोजरबाईंनी या मुद्द्यावर क्षणभर विचार केला, पण बाळासारख्या माणसालाही तो पटला नसता, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

“मी वर जाऊ का, आई?” स्वप्नालीनं हळूच विचारलं.

“तू नको. तू हितं अंगठा धर.” गोजरबाईंनी पदर पिळला. “रेघ माजेसाठी मारलेली हाय. ओलांरायची तर मीच ओलांरीन.”

त्या जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर अमित अजून अर्धा साबणात होता. तो बाजूला झाला. गच्चीवर ऊन इतकं, की ओल्या पातळातून वाफ निघू लागली. पांढऱ्या रेघेपाशी त्या थांबल्या, इकडे-तिकडे बघितलं आणि नाल्यावरून उडी मारावी तसा लांब पाय टाकून पलीकडे गेल्या. चावी फिरवली. एक वेढा, दोन, अडीच.

खालून स्वप्नालीचा आवाज आला. बिचारीला आनंदच झाला असावा, कारण एरवी ती इतकं मोठ्यानं बोलत नसे. “आई, थांबलं. पाणी थांबलं.”

गल्लीतल्या खिडक्या ऐकत होत्या. बाळाच्या गॅलरीतून समाधानाचा हुंकार आला. गोजरबाईंनी चावीवरचा हात काढला नाही. पाठीमागे कुणीतरी उभं आहे हे त्यांना वळून न बघता कळलं, कारण चाळीस वर्षं ऐकलेल्या बांगड्या होत्या त्या.

सखू जिन्याच्या तोंडाशी उभी होती. पाय भाजू नयेत म्हणून शहाणीनं चपला घातल्या होत्या.

गोजरबाई टाकीकडे बघत होत्या. शेवटी त्यांच्या तळव्यांनी धीर सोडला. त्यांनी डावा पाय उचलला, मग उजवा, आणि त्या नादात तोंडून निघून गेलं, “कसा काय पन? हिचे पायपाला माजा नल कसा?”

“टाक्या लावल्या त्या दिवशी एक एल्बो कमी परला,” सखू म्हणाली. “पायपाचा वाकरा तुकरा. तुजे टाकीपरत पायप वलवायला नव्हता, म्हनून जवलचे टाकीला लावला. दोगं भाव म्हनाले, उद्या बदलू. मग तू भावकीत शपथ घातलीस, न दोगं गप बसले.”

“कोन सांगितला तुना?”

“आमचे मालकांनी. जाताना.”

“म्हंजे दोन वरसं तुना म्हाईत हाय?”

“हाय.”

“मग बोलली का नायस?”

सखूनं पदरानं कपाळ पुसलं. “मी बोलले असते, तर मी पयली बोलले असते.”

या उत्तरात गोजरबाईंना काहीही चूक काढता आली नाही. सखूच्या जागी त्यांनीही हेच केलं असतं, तेही दोन नाही, वीस वर्षं. मग त्यांच्या लक्षात आलं की आत्ता, एवढ्यात, पयलं कोण बोललं. सखूच्याही ते लक्षात आलं होतं. ती हसली नाही, पण तिनं चपलांत पाय जरा ऐसपैस ठेवले.

“मी टाकीशी बोलत व्हते,” गोजरबाई म्हणाल्या.

“बरं. टाकीला सांग, एकवीरा आयनं ऐकलंय. भांडी घासायला कवा येनार?”

“तुजे घरी पानी कुठं हाय आता? चावी मी बंद केलीय. सिंकची टोपी गावंपरत सोडता येनार नाय.”

अशा रीतीनं आपण सुटलो, असं गोजरबाईंना वाटलं. सखू जिना उतरून गेली. गोजरबाई आपली चावी सोडून खाली आल्या. स्वप्नालीनं मसाल्याची भिजलेली कड वाटीनं खरवडून बाजूला काढली होती. दोनेक किलो गेला होता, बाकी वाचला होता. टोपी डब्यांच्या फळीमागे सापडली. गोजरबाई चपलेचा वायसर बसवत होत्या, तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या.

सखू दारात उभी होती. हातात टोप, टोपात कढई, कढईत तवा. सहा वर्षांत ती पहिल्यांदा या दारातून, बाराव्याच्या पंगतीशिवाय, आत आली. मसाल्याच्या कडेनं सांभाळून गेली, जाताना दोन बोटांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “हलद जास्त झायली.” मग सरळ न्हाणीत जाऊन भांडी मांडली आणि उंबरठ्यावर बसली.

“तुजे न्हानीत पानी हाय ना? ते तरी तुजं हाय ना?”

स्वप्नाली एकदा सासूकडे आणि एकदा चुलतसासूकडे बघत होती. भांडण मिटलं की सुरू झालं, हे तिला ठरवता येईना. तिनं चहा ठेवावा असा विचार केला, मग सिंकला पाणी नाही हे आठवून ती तशीच उभी राहिली.

गोजरबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या गॅलरीत बाळा खुर्ची पुढे ओढून बसला होता, त्याच्याकडेही बघितलं नाही. त्यांनी पदर खोचला, पाटावर बसल्या, टोप पुढे ओढला आणि काथ्यानं घासू लागल्या. एक घासणी, दोन, दहा. टोपाच्या बुडाची काजळी ढिम्म हलेना.

“ह्याला भांडी म्हनतात?” त्या अखेर म्हणाल्या. आवाजात जुना दम परत आला होता. “सहा वरसात पानी तरी लागलं काय ह्या टोपाला? घासायची सवय नाय, न टाकी संपली म्हनून वरडायची.”

“घासायला पानी उरायचं कुठं?” सखू म्हणाली. “सगलं तुजे सिंकात.”

गोजरबाईंचा हात थांबला. उत्तर येईल म्हणून सखू वाट बघत होती, स्वप्नाली वाट बघत होती, समोर बाळा खुर्चीच्या कडेवर आला होता.

गोजरबाईंनी टोपावर तांब्याभर पाणी ओतलं, तो पालथा घातला आणि पुन्हा काथ्या उचलला.

“कढई दे,” त्या म्हणाल्या.